बाड होम्बुर्गमधली गुलाबी पुण्यतिथी

जर्मनीहून आलेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. गाड्या खरंच सेकंदावर सुटतात का, आणि खायचे हाल झाले का. पहिल्याचं उत्तर 'नाही'. दुसऱ्याचंही 'नाही'. परत आल्यावर आमच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत आठवडाभर चहाबरोबर मी ही दोन उत्तरं वाटली. तिसरं कुणी विचारलं नाही, ते इथे लिहितो.

मी कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत ओतकाम बघतो. वय चोपन्न. २००८ च्या ऑक्टोबरात श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात आमचे नमुने पास करून घ्यायला मला पाठवलं होतं. काम गुरुवारी संपलं. परतीचं विमान सोमवारी रात्रीचं. मधले दिवस मी मुद्दाम मागून घेतले होते, कारण माझी मुलगी अश्विनी फ्रँकफुर्टच्या वर, बाड होम्बुर्ग नावाच्या गावात राहते. तिच्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं आणि तिचं घर मी पाहिलेलं नव्हतं.

पाहिलेलं नव्हतं याचं कारण सरळ लिहून टाकतो, नाहीतर पुढे वळणं घेत बसेन. नऊ वर्षांपूर्वी, साखरपुडा झालेला असताना, तिने मुलाच्या घरी एकटीने जाऊन 'मला हे लग्न करायचं नाही' असं सांगितलं. थोरल्या भावाच्या घरी बैठक बसली. त्या भरल्या बैठकीत, मुलाच्या वडिलांसमोर, मी माझ्या एकवीस वर्षांच्या मुलीला जमिनीवर नाक घासायला लावलं. तिने घासलं. मग पुण्याला गेली, तिथून जर्मनीला. फोन यायचा तो तिच्या आईला. दोन वर्षांपूर्वी सुमन, म्हणजे माझी बायको, गेली, तेव्हा अशू चार दिवस येऊन गेली. माझ्याशी बोलली ती डेथ सर्टिफिकेट आणि गॅसचं कार्ड यांबद्दल. लग्नाचा ईमेल आला. मी 'अभिनंदन' असं उत्तर पाठवलं.

तर मला तिची माफी मागायची होती. माझ्या यादीत एवढंच होतं. बाकी जे पाहिलं, ते वाटेत आलं.

शुक्रवार

बाड होम्बुर्ग हे औषधी पाण्याचं गाव आहे. मागे टाउनसचे डोंगर, आपल्या पन्हाळ्याच्या रांगेसारखे, पण झाडांनी गच्च. ऑक्टोबरात ती झाडं अशी पिवळीतांबडी होतात की भट्टीचं दार उघडलंय असं वाटावं. गाव स्वच्छ आणि म्हातारं. रस्त्यात काठ्या टेकत चालणारी माणसं एवढी, की मी माझी चाल उगाच जोरात ठेवली.

स्टेशनवर अशू आली होती. केस कापलेले, चष्मा नवा. मी आशीर्वादासाठी हात अर्धा उचलला. ती वाकली नाही. माझ्या हातातली बॅग घेत म्हणाली, "प्रवास बरा झाला?" मी तो उचललेला हात डोक्यावरच्या टोपीकडे नेला आणि टोपी नीट केली.

जावई फेलिक्स दारातच भेटला. इथल्या दवाखान्यात परिचारक आहे. बाप जर्मन, आई थाई. अंगाने जर्मन, डोळ्यांनी पूर्वेकडचा. त्याने मात्र दोन्ही हात जोडून मान लववली. अशूकडे पाहून जर्मनमध्ये काहीतरी विचारलं.

"काय म्हणतो?"

"विचारतोय, बरोबर केलं का."

"एकदम बरोबर," मी म्हणालो. तो इतका खूश झाला की पुढचे तीन दिवस खोलीत येता-जाता मला नमस्कार करत राहिला.

घरात चपला दाराबाहेर. ही थाई सासू आणि मराठी सून यांची सामाईक शिस्त. अशू म्हणाली की वरच्या मजल्यावरची म्हातारी आधी विचारायची, "तुमच्याकडे रोज एवढे पाहुणे येतात?" स्वयंपाकघरात कचऱ्याचे चार डबे. चहाची भिजलेली पिशवी कुठल्या डब्यात टाकायची यावर मी पाच मिनिटं उभा होतो. शेवटी खिशात ठेवली. रात्रीचं जेवण म्हणजे ब्रेड, चीज, काकडी आणि लोणची. इथे संध्याकाळी चूल पेटवतच नाहीत. माझ्यासाठी अशूने मुगाची खिचडी टाकली होती. तिच्या आईसारखी, वरून कच्चं तेल घातलेली. मी 'छान' म्हणालो. ती म्हणाली, "गेनाऊ, आईचीच आहे." गेनाऊ म्हणजे 'बरोबर'. हा शब्द तिच्या तोंडात आता आपल्या 'होय की' इतका रुळलाय.

बोलायची संधी होती. फेलिक्स रात्रपाळीला गेला होता. मी फौंड्रीतल्या नव्या भट्टीबद्दल बोललो, तासभर.

शनिवार

विहीणबाईंकडे जेवायला जायचं होतं. मुलीचा बाप विहिणीकडे पहिल्यांदा जातो तेव्हा आपल्याकडे त्याची काय अवस्था असते, हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. त्यात मी लग्नाला न आलेला बाप. सुमन गेल्यापासून आमच्या घरचं सगळं थोरल्या वहिनी बघतात. त्यांनी मला इरकल साडी, खण, फराळ आणि कोल्हापुरी चपलांचा जोड असं भरून दिलं होतं. कोल्हापूरचा माणूस कुणाकडे रिकाम्या पायांनी, म्हणजे चपलांच्या जोडाशिवाय, जात नाही. वहिनींनी फराळ आणि चपला वेगवेगळे, पण सारख्याच पेपरात, सारख्याच सुतळीने बांधले होते. मी त्या दिवशी साडीच तेवढी नेली. बाकी पुडकी बॅगेतच ठेवली.

विहीणबाईंचं नाव नोई. साठीच्या, बुटक्या, सडसडीत. गावात कपडे उसवून-शिवून द्यायचं दुकान आहे. जर्मन म्हाताऱ्यांच्या विजारी आखूड करून त्यांनी मुलगा वाढवला. नवरा दहा वर्षांपूर्वी वारला. साडी हातात घेतल्यावर त्यांनी ती अंगाला लावून पाहिली नाही. उलटी केली, काठ दिव्याखाली धरला, अंगठ्याने वीण चाचपली.

"हे हातमागावरचं आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "हे कापायचं नाही ना?"

"कापायचं नाही. गुंडाळायचं."

"मग मला काम नाही," म्हणून त्या हसल्या, आणि माझ्या मानेवरचं ओझं जरा हललं.

जेवणात चिकट भात, दाण्याचं कूट घातलेला रस्सा, कच्च्या पपईची कोशिंबीर. कोशिंबिरीत बोटाच्या पेराएवढ्या मिरच्या. त्यांच्या भाषेत त्या मिरचीला म्हणे उंदराची लेंडी म्हणतात. मी कोल्हापूरचा, तांबड्या रश्श्यावर वाढलेला. दोन अख्ख्या चावल्या. नोईबाई टक लावून बघत होत्या. माझ्या कानातून वाफ निघाली, पण चेहरा मी सरळ ठेवला.

"पाणी देऊ?"

"कशाला?"

"डोळ्यांत आलंय ते पुसायला तरी," अशू मराठीत म्हणाली. दोन दिवसांत तिने केलेली ही पहिली थट्टा.

त्यांच्या भिंतीवर एका राजाचा फोटो होता. भरघोस मिशा, युरोपी पोशाख, छातीवर पदकं. खाली गुलाबी गुलाब. मी विचारलं तेव्हा नोईबाई चमचा खाली ठेवून नीट बसल्या. हे पाचवे राम. त्यांच्याकडे राजांना राम म्हणायची रीत आहे. तेवीस ऑक्टोबर ही त्यांची पुण्यतिथी, आणि त्या दिवशी सगळ्या थायलंडला सुट्टी असते. बँकॉकमध्ये त्यांचा घोड्यावरचा पुतळा आहे. तिथे शाळेची पोरं, अधिकारी, भाजीवाल्या, सगळे हार-फुलं घेऊन जातात. राजाचा जन्म मंगळवारचा, आणि मंगळवारचा रंग गुलाबी, म्हणून सगळं गुलाबी.

"पण त्यांचा या गावाशी काय संबंध?"

"इथेच तर आले होते! शंभर वर्षांपूर्वी, आजारी पडल्यावर, इथलं पाणी प्यायला. वाढदिवससुद्धा इथेच केला. गावाने एका झऱ्याला त्यांचं नाव दिलं. त्यांनी गावाला एक सोनेरी मंडप भेट दिला. बागेत आहे. उद्या आम्ही सगळे जमणार. तुम्ही या."

"उद्या तर सव्वीस तारीख," मी म्हणालो. मग माझ्यातल्या कोल्हापूरकराला राहवेना. "पुण्यतिथी तुम्ही तारखेने करता की तिथीने?"

अशू खुसखुसली. नोईबाईंनी क्षणभर विचार केला. "जर्मनीत रविवारने," त्या म्हणाल्या. "इतर दिवशी रजा कोण देतो?"

मग त्यांनी राजाने काय केलं ते सांगितलं. गुलामी एकदम न मोडता, हळूहळू, पिढीपिढीने सोडवली. वेठ बंद केली. मी म्हणालो, आमच्या कोल्हापूरच्या महाराजांनीही वेठ बंद केली होती. त्यावर त्यांनी महाराजांना भिंतीकडे बघून हात जोडले, जणू दोघं शेजारी बसलेत. एवढ्या लांबच्या दौऱ्यात हा राजा आपल्या मुलीला पत्रं लिहायचा, तेही त्या म्हणाल्या. काय पाहिलं, काय खाल्लं, कुठे दुखतंय. मी खाली बघून भात कालवला.

इथवर इंग्रजीत चाललं होतं. पुढचं त्या जर्मनमध्ये सांगू लागल्या आणि अशू मराठीत. आधी त्यांच्या दरबारात राजासमोर उभं राहायची कुणाला मुभा नव्हती. मंत्री असो की सरदार, सरपटत यायचं, कपाळ टेकून पालथं पडायचं. हा राजा वयात आला, दुसऱ्यांदा राज्याभिषेक झाला. सगळा दरबार असाच पसरलेला. तेव्हा त्याने हुकूम वाचायला लावला की...

"की कुणीही यापुढे जमिनीवर..." अशू म्हणाली आणि थांबली. नोईबाईंचं जर्मन पुढे चालूच होतं. अशूने पाण्याचा ग्लास उचलला.

"जमिनीवर काय?" मी विचारलं. मला कळलं होतं. तरी विचारलं.

"पडायचं नाही," ती म्हणाली. "उठायला सांगितलं सगळ्यांना. उठले सगळे."

घरी येताना आम्ही दोघं पायी आलो. वीस मिनिटांचा रस्ता. मी तिला झाडांची नावं विचारत होतो. तिला तीन माहीत होती.

रविवार

सकाळी मी अंघोळ करून, कोट चढवून, दोन्ही पुडकी पिशवीत भरून माझ्या घड्याळात सात वाजता तयार. घरात सामसूम. भिंतीवरचं घड्याळ सहा दाखवत होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे सगळा देश घड्याळ तासभर मागे घेतो, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. सोफ्यावर बसून त्या फुकट मिळालेल्या तासात मी वाक्य जुळवलं. 'अशू, जे झालं ते झालं, पण...' हे खोडलं. 'माझंही चुकलं...' यातला 'ही' खोडला. तेवढ्यात ती उठून आली आणि माझ्या गळ्यात फेलिक्सचा गुलाबी मफलर अडकवला. "आज हा लागतो," म्हणाली. त्या मफलरात मी आरशात स्वतःला ओळखलं नाही, आणि ते बरंच वाटलं.

तिथली बाग म्हणजे मैलभर हिरवळ, जुने वृक्ष, मधूनमधून पाण्याच्या विहिरी. विहिरींवर घुमट्या. प्रत्येकीचं पाणी निराळं आणि प्रत्येकीला निराळे राजा-राणी भेटून गेलेले. झाडांच्या मधे एकदम तो मंडप दिसतो. उतरती छपरं एकावर एक, टोकांना नागाच्या फण्यांसारखे कोंब, आणि सगळ्यावर सोनं. ओल्या, धुरकट जर्मन सकाळी तो असा उभा होता, जसा लग्नाच्या कपड्यातला माणूस चुकून दुसऱ्याच गावात उतरला आहे. हा जुना. बागेत अलीकडेच दुसराही बांधलाय, झऱ्यापाशी.

पन्नासेक माणसं जमली होती. बहुतेक बायका, गुलाबी रेशमी वस्त्रांवर जाड जॅकेटं घातलेल्या. त्यांचे उंच जर्मन नवरे डबे आणि खुर्च्या वाहत होते. पिवळ्या-भगव्या वस्त्रातले दोन भिक्खू, पायांत लोकरी मोजे. बागेचा एक नोकर मेणबत्त्या मंडपापासून लांब लावल्यात ना, हे बघायला उभा. राजाचा फोटो चौरंगावर. समोर गुलाब, शहाळं, सिगारांची पेटी आणि ब्रँडीचा ग्लास. राजाला जे आवडायचं ते. मला आमच्याकडचे पितर आठवले. आजोबांच्या पानावर वहिनी अजून तपकिरीची डबी ठेवतात.

लोक चटयांवर गुडघे टेकून पुढे होत आणि कपाळ जमिनीला लावत. मी जरा मागे उभा होतो. नोईबाई उठून येताना मी त्यांना विचारलं, "यांनीच बंद केलं होतं ना हे? मग?"

त्या गुडघा चोळत म्हणाल्या, "कुणी सांगितलं की दुखतो. आपणहून टेकला की नाही दुखत." मग गुडघ्याकडे बघत, "तसा आता थोडा दुखतोच. वय झालं."

नैवेद्याची वेळ झाली. प्रत्येकाने आणलेलं पानात मांडत होते. अशूने मला खूण केली, फराळ. मी पिशवीतून पुडकं काढून नोईबाईंच्या मैत्रिणीकडे दिलं. तिने ते दोन्ही हातांनी कपाळाला लावलं, चौरंगावर राजाच्या फोटोसमोर अगदी मध्यभागी ठेवलं आणि सुतळी सोडली.

आतून कोल्हापुरी चपला निघाल्या. नव्याकोऱ्या, गोंडेवाल्या, तेल पाजलेल्या. एक तळवा वर करून.

थाई लोकांत पाय म्हणजे अंगातली सगळ्यात हलकी गोष्ट. पाय नुसता एखाद्याच्या दिशेने पसरला तरी अपमान होतो. आणि मी पन्नास माणसांसमोर, त्यांच्या लाडक्या राजाच्या पुण्यतिथीला, त्याच्या तोंडासमोर जोडा ठेवला होता. मंत्र म्हणणारा भिक्खू थांबला. कुणीतरी श्वास आत ओढला तो मला ऐकू आला. एक म्हातारी माझ्याकडे अशी बघत होती की तिला भाषेची गरज नव्हती. माझे कान तापले.

अशू पुढे झाली. चपला उचलून तिने आपल्या जॅकेटाच्या आत घातल्या आणि चटईवर गुडघे टेकले. फोटोसमोर हात जोडून, मग वळून सगळ्यांना, जर्मनमध्ये आणि मोडक्या थाईत काहीतरी म्हणाली. मला एक शब्द कळला, 'इष', म्हणजे 'मी'. तो तिने दोनदा वापरला.

नोईबाई माझ्या कानाशी इंग्रजीत म्हणाल्या, "सांगतेय, पिशवी तिने भरली होती. वडिलांना माहीत नव्हतं. चूक तिची."

पिशवी मी भरली होती. तिने हातसुद्धा लावला नव्हता.

ती डोळे मोठे केलेली म्हातारी काहीतरी बोलली आणि हळूहळू हसू पसरलं. राजा म्हणे वेष बदलून, साधा माणूस होऊन खेड्यापाड्यांत हिंडायचा. म्हातारी म्हणत होती, एवढं चालल्यावर चांगल्या चपला लागल्याच असत्या. भिक्खू पुन्हा सुरू झाला. चकल्यांचं पुडकं चौरंगावर गेलं. सगळं मिटलं. मी मात्र तिथे उभा राहू शकलो नाही.

झऱ्यापाशी अशू मागोमाग आली. गुलाबी ओढणी, काखेत चपला. तिने नळाखाली पेला धरला. राजाच्या नावाचं पाणी. मी सवयीने उजव्या हाताची ओंजळ पुढे केली. तिने तीर्थ घालतात तसं घातलं. पाणी खारट, फसफसणारं, मागून गंजक्या लोखंडाची चव. आमच्या फौंड्रीतल्या हौदाचं असं लागेल. गिळलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. अशू खळखळून हसली. "अहो बाबा, तीर्थ नाही ते! किडनीचं औषध आहे."

जुळवलेलं वाक्य मला आठवेना.

"अशू," मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुला जे करायला लावलं ते वाईट होतं. तुझी चूक असती तरी वाईट होतं. आणि तुझी चूक नव्हती. मला माफ कर."

तिचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावरच विसरल्यासारखं राहिलं. तिने पेला नळाच्या कठड्यावर ठेवला.

"आईने फरशी पुसली होती," ती म्हणाली. "आठवतं तुम्हाला?"

"नाही."

"तुम्ही म्हणालात, 'घास नाक.' आई म्हणाली, 'अहो थांबा जरा, धूळ आहे, पुसून घेते.' ती आत गेली. ओलं फडकं घेऊन आली. पुसलं. मग फॅन मोठा केला, वाळायला. तेवढा वेळ तुम्ही थांबलात, बाबा. सगळे थांबले. मी उभी होते आणि मला वाटत होतं, आता म्हणतील राहू दे. आता म्हणतील. फरशी वाळत आली तरी वाटत होतं."

रागाच्या भरात झालं, असं नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो. राग माणसाला आंधळा करतो वगैरे. ओली फरशी वाळायला किती वेळ लागतो, हे मला चांगलं माहीत आहे. तेवढा वेळ मी आंधळा नव्हतो. मी वाट बघत होतो. मला ते आठवलं नव्हतं असं नाही, मी ते आठवू दिलं नव्हतं. ती बोलत असताना फॅनचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"आणि आज तुम्ही हे इथे सांगताय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "या बागेत मराठी कळणारं कोण आहे? मी एकटी. त्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांना कळत होतं."

मंडपाकडून फेलिक्सची हाक आली. तो पाळी संपवून थेट आला होता, डोळे लाल, गळ्यात गुलाबी टाय. जेवण वाढलं होतं. ओल्या हिरवळीवर चटया टाकून आम्ही चिकट भात, भाजलेला मासा आणि वहिनींच्या चकल्या खाल्ल्या. चकल्या सगळ्यात आधी संपल्या. नोईबाईंनी सगळ्यांसमोर त्या चपला पायांत चढवल्या आणि करकर वाजवत मंडपाला लांबून एक फेरी मारली. एका बोटाने मोठ्या होत होत्या. "शिवून घेईन," त्या म्हणाल्या.

सोमवार

फ्रँकफुर्टच्या विमानतळावर अशू सोडायला आली. आदल्या दुपारपासून आम्ही त्या विषयावर बोललो नव्हतो. रांगेत उभं असताना तीच म्हणाली, "माफ केलं असं मी म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल, बाबा. पण ते खोटं होईल. खोटं मी काल एकदा बोलले तुमच्यासाठी. तेवढं पुरे."

"पुरे," मी म्हणालो.

"पोचल्यावर फोन करा."

एवढ्या वर्षांत हे वाक्य ती मला पहिल्यांदा म्हणाली. मी ते मुंबईपर्यंत आणि पुढे कोल्हापूरपर्यंत पुरवून पुरवून वापरलं.

घरी

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी आधी, साखरपुडा झालेल्या त्या मुलाच्या वडिलांकडे गेलो. आता थकलेत. मी सांगितलं, त्या दिवशी माझ्या मुलीचं नव्हे, माझं चुकलं, आणि ते तुमच्यासमोर झालं म्हणून तुमच्यासमोर सांगतोय. त्यांनी चहा फुंकला. मग म्हणाले, "मला तिथून उठून जावंसं वाटलं होतं बघा. पण घर तुमचं, पोरगी तुमची. बसून राहिलो." त्यांच्या मुलाला दोन मुली झाल्यात. त्यांचा फोटो दाखवला.

भाऊबीजेला दादाकडे, म्हणजे थोरल्या भावाकडे, सगळे जमतात. तोच हॉल, तीच शहाबादी फरशी. दादा, ताई, तिचे यजमान, त्या दिवशी होती ती सगळी माणसं. सुमन तेवढी नाही. ओवाळणं झाल्यावर मी उभा राहिलो. बसून बोलता आलं नसतं. नमुने पास झाल्याचं सांगणार असं त्यांना वाटलं असावं. मी नऊ वर्षांपूर्वीचं बोललो. नाव घेऊन, जागा दाखवून. फरशी पुसल्याचं, फॅन मोठा केल्याचं, मी थांबल्याचंही.

"सणासुदीला कशाला उकरून काढतोस, प्रताप?" दादा म्हणाला. "पोरगी सुखात आहे न्हवं? झालं मग."

ताई खाली बघून तबकातल्या सुपाऱ्या हलवत होती. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या, हात पिठाचे.

"फडकं मी दिलं होतं, भावजी," त्या म्हणाल्या.

दादाने मान वळवली. "तू गप गं."

"नऊ वर्षं गपच हाय की." त्यांनी पदराला हात पुसले. "सुमन आत आली तेव्हा तिला काही दिसत नव्हतं. फडकं समोर होतं आणि ती हुडकत होती. मी भिजवलं, पिळलं, तिच्या हातात दिलं. देऊ नको, असं मला म्हणता आलं असतं. जाऊ नको, असं म्हणता आलं असतं." मग माझ्याकडे बघून, "तिकडं किती वाजले असतील आत्ता?"

"साडेआठ. सकाळचे."

"उठली असेल?"

"उठली असेल."

"लावा फोन."

मी मोबाइलवर नंबर लावला. दोन रिंग झाल्या आणि पलीकडून झोपेतला, जर्मन 'हालो' आला. मी फोन वहिनींच्या हातात दिला. त्यांनी तो पिठाच्या बोटांनी लांब धरला, उलटासुलटा केला, आणि सगळ्या हॉलवरून नजर फिरवली.

"ह्याचा आवाज मोठा कसा करायचा, भावजी?" त्या म्हणाल्या. "सगळ्यांना ऐकू जाऊ दे."